तीन रिपोर्ट, एक रक्त

"माझ्यावर रक्त बदलल्याचा आळ आहे," खुर्चीत बसायच्या आधीच ती मुलगी म्हणाली. "मी ते बदललेलं नाही. एवढंच सिद्ध करून द्या."

साताऱ्यात पोवई नाक्याच्या मागच्या गल्लीत, झेरॉक्सच्या दुकानाच्या वर शिवांजलीचं ऑफिस होतं. खासगी तपास करणारी बाई म्हटलं की लोकांना लफडी आठवतात. शिवांजली मात्र आधी बारा वर्षं विमा कंपनीसाठी आजारपणाचे खोटे दावे शोधायची, आणि दवाखान्याचे कागद वाचायची तिला खोड लागली होती ती कायमची. तिचा मामा भाऊसो एसटीतून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाला होता. आता तो तिची जुनी व्हॅन चालवायचा आणि प्रत्येक केसमध्ये पहिल्या तासातच चुकीचा गुन्हेगार पकडून द्यायचा.

"बस आधी," शिवांजली म्हणाली. "नाव?"

"प्रांजल. आष्ट्यात लॅबचं कलेक्शन सेंटर आहे, तिथं रक्त काढायचं काम करते. म्हणजे करत होते. मालकांनी घरी बस म्हणून सांगितलंय."

तिने पिशवीतून तीन रिपोर्ट काढून टेबलावर ठेवले. तिन्हींवर एकच नाव होतं, राजनंदिनी. वय पंचवीस.

"आष्ट्याच्या सुभेदार जोतीरामांची सून," प्रांजल सांगू लागली. "तिचा नवरा यशराज फौजेत आहे, हिमाचलात. ती तिकडं क्वार्टरमध्ये राहत होती, पावसाळ्यात इकडं आली. आल्यावर आठवडाभरात ताप. त्याच्या पलटणीत एका जवानाला लाइम नावाचा आजार झाला होता, म्हणून त्यानं फोनवरून हट्ट धरला, हिची ती पण तपासणी करा. मी रक्त काढलं, नमुना पुण्याला गेला. निगेटिव्ह आलं."

"लाईम म्हंजी लिंबू न्हवं?" भाऊसोनं विचारलं.

"गोचिडाच्या चाव्यातून होतो, मामा," शिवांजली म्हणाली. "आपल्याकडं जवळजवळ दिसतच नाही. पुढं?"

"ताप गेला, पण अंगदुखी राहिली. महिन्याभरानं परत तपासणी. मीच रक्त काढलं. या वेळी संदिग्ध आलं. मग गुडघा सुजला, तोंड एका बाजूला वाकडं झालं. तिसरी तपासणी झाली दसऱ्याच्या आधी. परत संदिग्ध. सांगलीचे डॉक्टर म्हणाले, या रिपोर्टांचा मेळ लागत नाही. तेवढं ऐकलं आणि सुभेदार म्हणाले, मेळ कसा लागेल, पहिलं रक्त आमच्या सुनेचं नव्हतंच."

"तू का बदलशील?"

प्रांजलने खाली बघितलं. "माझे वडील धुळा. आमची मेंढरं आहेत आटपाडीकडं, आणि घरी माग आहे. त्यांनी विणलेली एक घोंगडी मीच सुभेदारांना नेऊन दिली होती, गेल्या वर्षी. राजनंदिनीवहिनी आल्यापासून त्याच घोंगडीवर झोपतात. ते म्हणतात, गोचीड त्या घोंगडीतून आला. बापाचं नाव खराब होऊ नये म्हणून मी पहिल्या वेळी दुसऱ्याच कुणाचं तरी रक्त पाठवलं, आणि त्यामुळं पोरीचे उपचार राहिले, असं त्यांचं म्हणणं."

भाऊसोनं भुवया वर केल्या. त्याला कारण पटलेलं दिसत होतं.

"आता कुणी माझ्याकडून रक्त काढून घेत नाही," प्रांजल म्हणाली. "मालकांनी परत घेतलं तरी कोण हात पुढं करणार? आमच्याकडची शिकून या कामाला लागलेली मी पहिली मुलगी आहे, ताई. मला हे काम सोडायचं नाही."

तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज ठाम होता. शिवांजलीला ती आवडली.

"चल मामा," ती उठत म्हणाली. "आधी कुपवाड. मालकाला भेटू."

*

कुपवाडच्या एमआयडीसीला लागून दिग्विजयची लॅब होती. जेवणाच्या सुट्टीतले कामगार दुचाक्या उभ्या करून बाहेर रांगेत थांबले होते. दिग्विजय तिशीतला, घाईतला माणूस होता.

"मी तिला काढलेलं नाही," तो आधीच म्हणाला. "पण माझा धंदा विश्वासावर चालतो. सुभेदार चार लोकांत बोलले की माझं सेंटर बंद पडेल."

"तुम्हाला काय वाटतं? तिनं बदललं असेल?"

"दोन वर्षांत नळीवरचं लेबलसुद्धा तिचं कधी चुकलेलं नाही. पण मी छातीठोक कसं सांगू? रक्त काढताना तिथं दुसरं कुणी नव्हतं."

"पहिल्या आणि दुसऱ्या वेळी. तिसऱ्या वेळी?"

"तिसरं मी स्वतः काढलं. इथं. सुभेदार समोर उभे होते, नळीवर नाव लिहिताना चष्मा लावून बघत होते."

"दुसरा आणि तिसरा रिपोर्ट सारखाच आहे ना?"

"अगदी सारखा. पहिली चाचणी काठावर, मग खात्रीच्या चाचणीत आयजीएम पॉझिटिव्ह, आयजीजी निगेटिव्ह."

बाहेर आल्यावर भाऊसोनं तोंड उघडलं. "मला तर हा मालकच गडबड्या वाटतोय. लय घाम आला हुता त्याला."

"पंखा बंद होता, मामा."

"बरं. मग ती आयजी-बियजीची भानगड काय ती सांग."

व्हॅन आष्ट्याच्या रस्त्याला लागली, तेव्हा शिवांजली म्हणाली, "शरीरात जंतू शिरला की शरीर त्याच्याशी लढायला दोन प्रकारची प्रतिपिंडं बनवतं. आधी घाईघाईनं बनतात ती आयजीएम. मग काही आठवड्यांनी पक्की बनतात ती आयजीजी. चाचणी जंतू बघत नाही, ही प्रतिपिंडं बघते. आता आजार खरा असेल तर तीन महिन्यांत आयजीजी यायला हवी. हिची आलीच नाही. नुसती आयजीएम इतके दिवस पॉझिटिव्ह राहिली, तर डॉक्टर शक्यतो ती चाचणीचीच चूक मानतात."

"म्हंजी पोरीला तो रोग न्हाईच?"

"मग तोंड कशानं वाकडं झालं?"

भाऊसोनं रस्त्याकडेला हात करणाऱ्या एका म्हातारीसाठी सवयीनं गाडी थांबवली. म्हातारी पुढच्या फाट्यापर्यंत येऊन उतरली.

*

सुभेदारांचा मळा आष्ट्याच्या बाहेर, नदीच्या अंगाला होता. जोतीराम अंगणात ताठ उभे होते. सत्तरीला आले तरी पाठीत बाक नव्हता.

"मॅडम, सीधी बात सांगतो," ते म्हणाले. "त्या पोरीशी माझी दुश्मनी न्हाई. पण सून माझ्या भरवशावर आलीया इथं. पोरगा तिकडं बॉर्डरवर. उद्या त्यानं इचारलं, आबा, माझ्या बायकोचं तोंड असं कसं झालं, तर मी काय सांगू?"

हा माणूस कांगावा करत नव्हता, घाबरला होता.

"गोचीड हिमाचलात चावला नसेल कशावरून?"

"पलटणीच्या क्वार्टरमधी? तिथं फवारणी हुती, साफसफाई हुती. मी बत्तीस वर्सं काढलीत. गोचीड मेंढराच्या लोकरीत असतोय, हे लहान पोर बी सांगंल."

"डॉक्टरांनी काय काय विचारलं होतं?"

"सगळं इचारलं. अंगावर लाल चट्टा उठला हुता का? म्हणलं न्हाई. कुठली अँटिबायोटिक घेतली का? म्हणलं न्हाई. तापाला आमच्या डॉक्टरनं निस्ती पॅरासिटामॉल दिलीती, ती सांगितली."

"उत्तरं तुम्ही दिलीत?"

"मग कोण देणार? सून बसलीती की बाजूला."

तेवढ्यात शालूबाई, सुभेदारांची बायको, बाहेर आल्या. "आवं, पावण्यास्नी उन्हात उभं करून काय बोलताय? जेवल्याबिगार कुणी जायचं न्हाई."

पानं वाढली गेली. सुभेदार, भाऊसो आणि शिवांजली आधी जेवले, मग शालूबाई बसल्या. राजनंदिनी सगळ्यांना वाढत लंगडत फिरत होती. डाव्या गुडघ्याला पट्टा होता. चेहऱ्याची उजवी बाजू सैल पडली होती आणि तिकडचा डोळा नीट मिटत नव्हता. सगळ्यांचं झाल्यावर ती कोपऱ्यात बसली. तव्यावरची शेवटची भाकरी, पातेल्याच्या तळाची आमटी, कुणी न संपवलेली भाजी, सगळं तिने आपल्या ताटात ओढून घेतलं.

"गरम भात आहे की अजून," शिवांजली म्हणाली.

"तो संध्याकाळी हुईल," शालूबाई म्हणाल्या. "आमच्यात अन्न टाकत न्हाईत, ताई. उरलंसुरलं सुनंनं संपवायचं. मी बी माझ्या सासूच्या हाताखाली तसंच केलं."

राजनंदिनीने घास घेतला. पाणी पिताना ते ओठाच्या कडेने ओघळलं आणि तिने चटकन पदराने पुसलं.

जेवणं झाल्यावर शिवांजली शालूबाईंजवळ जाऊन बसली. "ती घोंगडी बघू का?"

शालूबाईंनी काठीच्या टोकानं काळी घोंगडी पुढं ओढली. जाड, खरबरीत, नव्यासारखी.

"ही आली तेव्हापासून सुनेनंच वापरली?"

"व्हय. वर्सभर पेटीत पडून हुती, ह्यांनी अंगाला बी लावली न्हाई. ही आली त्याच राती काढून दिली तिला."

"पावसाळ्यात? घरात वाकळा नव्हत्या?"

"हैत की धा-बारा. पर माझ्या वाकळा कशाला खराब करायच्या?" शालूबाईंनी आवाज बारीक केला. "आता तुमी बाईमाणूस म्हणून सांगते. ही आली ती गजकर्ण घिऊनच आली. पोटरीवर तळहाताएवढं. कडंनं लाल, मधी फिक्कं. दोन-चार दिसात चांगलं पसरलं. लोकास्नी कळलं तर नावं ठेवतील, म्हणून ह्यास्नी सुदीक सांगितलं न्हाई. एगळं अंथरूण, एगळा टावेल."

"खाजवत असेल बिचारी."

"न्हाई, तसं खाजत न्हवतं. मलम आणून दिलं हुतं, गोठ्यात लपवून ठिवलेलं, ते लावायच्या आधीच पुरात गेलं. गोठ्यापतूर पाणी आलं हुतं. पर पूर ओसरला आन् ते बी आपोआप गेलं."

शिवांजलीने मान हलवली आणि विषय बदलला. "पुराच्या वेळी आरोग्य खात्याचे लोक येऊन गेले?"

"आशाताई आली हुती, गोळ्या घिऊन. पुराच्या पाण्यात वावरल्यावर रोग हुतो म्हणं, उंदराच्या मुतानं. घरच्यांच्या, गड्यांच्या, सगळ्यांच्या गोळ्या माझ्याकडंच दिल्या. ह्यांनी घेतली न्हाई. गडी बी म्हणलं, मळमळतंय. मी बी घेतली न्हाई." शालूबाई उठल्या. "चा ठेवते."

राजनंदिनी मागच्या दारी भांडी घासत होती. तिथं दोघीच होत्या.

"तिकडं हिमाचलात दिवस कसा जायचा?" शिवांजलीने विचारलं.

राजनंदिनी पहिल्यांदाच हसली, अर्ध्या चेहऱ्याने. "छान जायचा. आम्ही सगळ्या बायका मिळून जंगलात लिंगडी खुडायला जायचो. ती तिकडची पालेभाजी, गवतात उगवते. येणार त्याच्या आधल्या आठवड्यात पण गेले होते."

शिवांजलीचं लक्ष तिच्या हातांकडं गेलं. कोपराखाली कातडी काळवंडली होती आणि बांगड्यांच्या जागी फिकट पट्टे राहिले होते.

"हे काय झालं?"

"पुरानंतर गोठ्यातला चिखल काढला आम्ही सगळ्यांनी. दोन दिवस ऊन पडलं होतं. माझे हात भाजल्यासारखे झाले, नाक सोललं. बाकी कुणाला काही झालं नाही. आबा तर डोक्याला काही न बांधता उभे होते." ती थांबली. "ताई, प्रांजलनं काही केलेलं नाही. तिनं माझ्या हातातूनच रक्त काढलं, माझ्यासमोर नळीत भरलं. पण मला कुणी विचारलंच नाही."

"मी विचारते आहे. डॉक्टरांनी चट्ट्याबद्दल विचारलं, तेव्हा तू का बोलली नाहीस?"

"आबांसमोर? गजकर्ण म्हणून कसं सांगणार?" तिने ताट विसळून पालथं घातलं. "आणि डॉक्टरांनी गजकर्ण विचारलं नव्हतं. चट्टा विचारला होता."

"आणखी एक. त्या पुराच्या गोळ्यांचं शेवटी काय झालं?"

राजनंदिनीने सांगितलं. शिवांजली ऐकून घेऊन उभी राहिली आणि तिने सांगलीच्या डॉक्टरांना फोन लावला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी सांगलीत, डॉ. ऋषिराज मुळीकांच्या केबिनमध्ये खुर्च्या कमी पडल्या. सुभेदार, शालूबाई, राजनंदिनी, दिग्विजय, दाराजवळ प्रांजल. भाऊसो खिडकीशी टेकून उभा होता. येताना त्याने शालूबाईंचं नाव पक्कं करून ठेवलं होतं, सासू म्हटल्यावर त्याला पुराव्याची गरज वाटत नव्हती.

"माझ्या दृष्टीनं अडचण सरळ आहे," डॉक्टर म्हणाले. "हा लाइम असेल तर इतक्या दिवसांनी आयजीजी हवी होती. ती नाही. इतर आजारांच्या तपासण्याही स्वच्छ आल्यात. चुकीच्या निदानावर मी हिला जड औषधं द्यायची का? म्हणून थांबलो होतो."

"रक्तच खोटं असंल तर निदान काय खरं हुणार!" सुभेदार म्हणाले.

"तिथूनच सुरुवात करू," शिवांजली म्हणाली. "सुभेदारसाहेब, तिसरं रक्त तुमच्या डोळ्यांदेखत दिग्विजयनी काढलं. ते राजनंदिनीचंच ना?"

"बेशक."

"दुसरं प्रांजलनं काढलं. त्याचा रिपोर्ट तिसऱ्याशी तंतोतंत जुळतो. असं रक्त आष्ट्यात दुसऱ्या कुणाचं ती शोधून आणणार? म्हणजे दुसरंही राजनंदिनीचंच. आता पहिलं तेवढं राहिलं, निगेटिव्ह आलेलं. डॉक्टर, आजार लागून जेमतेम दोन आठवडे झाले असतील, तर चाचणी काय दाखवेल?"

"बहुतेक वेळा निगेटिव्ह. प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. हे मी सुभेदारांना सांगितलं होतं."

"सांगितलं हुतं," सुभेदार कुरकुरले. "पर मग ती घोंगडी?"

"घोंगडीकडं येते. सगळ्यांनी धरलं की राजनंदिनी घोंगडीवर झोपली म्हणून आजारी पडली. मी एवढंच विचारलं, की घरात दहा-बारा वाकळा असताना, भर पावसाळ्यात, नव्या आलेल्या सुनेला पहिल्याच रात्री पेटीतली टोचरी घोंगडी का काढून दिली?"

शालूबाईंनी पदर तोंडाला लावला.

"सांगू दे मला," राजनंदिनी एकदम म्हणाली. सासऱ्यांसमोर तिचा आवाज केबिनमधल्या कुणी आजवर ऐकला नसावा. "माझ्या पोटरीवर चट्टा होता. येतानाच होता. गोल, मधे फिका. सासूबाईंना वाटलं गजकर्ण. मलाही तेच वाटलं. म्हणून वेगळं अंथरूण दिलं."

डॉक्टर खुर्चीत पुढं सरकले. "खाजत होता?"

"नाही."

"पसरत गेला?"

"हो. वीतभर झाला होता."

"गजकर्ण खाजल्याशिवाय राहत नाही," शिवांजली म्हणाली, "आणि मलम न लावता पंधरवड्यात जातही नाही. हा खाजला नाही आणि आपोआप गेला. सुभेदारसाहेब, घोंगडीमुळं चट्टा आला नाही. चट्टा होता म्हणून घोंगडी आली. पेटीत वर्षभर पडलेल्या त्या घोंगडीला तुमच्या घरात त्या रात्रीपर्यंत कुणी हातसुद्धा लावला नव्हता. राजनंदिनी गाडीत बसली तीच आजार घेऊन. निघायच्या आधल्या आठवड्यात ती जंगलातल्या गवतात भाजी खुडत होती. हे गोचीड इतके बारीक असतात की चावलेले कळतही नाहीत."

प्रांजल दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"थांबा," डॉक्टर म्हणाले. "गोचीड चावल्यावर असाच चट्टा पसरतो, म्हणजे लाइम नक्कीच धरावा लागेल. पण मग आयजीजी का नाही? चट्ट्याच्या काळात अँटिबायोटिक मिळालं असतं, तर समजू शकलो असतो. औषध लवकर पडलं की जंतू दबतात आणि प्रतिपिंडं पक्की व्हायच्या आतच शरीराची लढाई थांबते. पण हिनं अँटिबायोटिक घेतलेलंच नाही. मी विचारलं होतं."

"विचारलं होतंत. उत्तर सुभेदारांनी दिलं, आणि त्यांना माहीत होतं तेवढं खरं दिलं." शिवांजली राजनंदिनीकडं वळली. "हात दाखव डॉक्टरांना."

राजनंदिनीने पदराखालून हात काढले.

"पूर ओसरल्यावर मळ्यातले सगळे सारख्याच उन्हात होते. भाजली फक्त ही. डॉक्टर, उन्हानं कातडी अशी भाजायला लावणारं एक अगदी साधं औषध आहे ना?"

"डॉक्सीसायक्लीन," डॉक्टर हळूच म्हणाले. मग त्यांनी कपाळावर हात मारला. "पुरानंतरच्या गोळ्या! उंदरांमुळं होणारा लेप्टो होऊ नये म्हणून वाटतात त्या."

"त्याच. प्रत्येकाला थोड्याच असतात. पण सुभेदारांनी घेतल्या नाहीत, गड्यांनी घेतल्या नाहीत, शालूबाईंनी घेतल्या नाहीत. सगळ्यांच्या वाटणीच्या घरात उरल्या. आणि या घरात उरलेलं टाकत नाहीत."

शालूबाईंना सगळ्यांच्या आधी कळलं.

"मीच म्हणलं हिला," त्या म्हणाल्या. "सरकारनं दिलेल्या गोळ्या उकिरड्यावर कशाला टाकायच्या? रोज जेवल्यावर एक घे म्हणलं, संपंस्तवर. आमाला वाटलं पुराची गोळी. ती अँटिबायोटिक असती हे कुणाला ठावं?"

"मीही कुणाला सांगितलं नाही," राजनंदिनी म्हणाली. "उरलेलं संपवलं, त्यात सांगायचं काय?"

"म्हणून तीन रिपोर्ट," शिवांजली म्हणाली. "पहिला निगेटिव्ह, कारण वेळच झाली नव्हती. दुसरा आणि तिसरा अर्धवट, कारण मधेच गोळ्या पडल्या. पूर्ण उपचार व्हावा एवढ्या नाहीत, पण रक्तातली खूण पुसट व्हावी एवढ्या. तिन्ही रिपोर्ट खरे आहेत, आणि तिन्ही एकाच बाईच्या रक्ताचे. खोटं कुणीच बोललं नाही. कमी पडलं ते एवढंच, की जिचं रक्त होतं तिला कुणी विचारलं नाही."

डॉक्टरांनी तिन्ही रिपोर्ट एकावर एक ठेवले. "आता चौथ्यांदा तपासून उपयोग नाही," ते म्हणाले. "चाचणी याहून जास्त काही सांगणार नाही. चट्टा, प्रवास, चेहरा, गुडघा, आणि आता हे. एवढ्यावर मी उपचार सुरू करतो. उद्या दाखल व्हा. आणि सुभेदार, चूक माझीही आहे. मी पेशंटला बाजूला घेऊन विचारायला हवं होतं."

"तोंड सरळ हुईल का हिचं?" शालूबाईंनी विचारलं. त्या रडत होत्या. "माझ्यामुळंच झालं व्हय हे?"

"होण्याची चांगली शक्यता आहे. आणि तुमच्यामुळं झालं नाही, आजी. कदाचित त्या गोळ्यांनी आजार थोडा अडवलाच असेल."

राजनंदिनीने सासूचा हात धरला. सुभेदार ताठ बसून समोरच्या भिंतीकडं बघत होते. त्यांनी प्रांजलकडं पाहिलं नाही. उठले, डॉक्टरांना नमस्कार केला आणि बायको-सुनेला घेऊन बाहेर गेले.

"बगितलंस?" भाऊसो चिडून म्हणाला. "पोरीला एक शब्द बोलला न्हाई गडी! माफी मागाय काय जीब झडती?"

दिग्विजयने प्रांजलला उद्यापासून कामावर ये म्हणून सांगितलं. तिने मान हलवली, पण तिचा चेहरा उतरलेलाच होता. मालकानं बोलावलं म्हणजे गाव येईलच असं नव्हतं, हे तिला शिवांजलीपेक्षा चांगलं माहीत होतं.

*

चार दिवसांनी सोमवार होता, म्हणजे आष्ट्याच्या सेंटरमध्ये उपाशीपोटी रक्त द्यायला येणाऱ्यांची सकाळची गर्दी. शिवांजली आणि भाऊसो राजनंदिनीला भेटायला सांगलीला निघाले होते, वाटेत प्रांजलकडं डोकावले.

बाकावर बसायला जागा नव्हती. प्रांजल टेबलाशी एकटीच बसली होती, हातमोजे घालून, आणि तिच्यापुढची खुर्ची रिकामी होती. आत दुसरा मुलगा रक्त काढत होता आणि सगळे त्याच्याच रांगेत उभे होते. कुणी तिला वाईट बोलत नव्हतं. कुणी तिच्याकडं बघतच नव्हतं.

"थांबतो की जरा, आमास्नी घाई न्हाई," एक म्हातारा तिला म्हणाला आणि रांगेत मागं सरकला.

शिवांजलीला इतका राग आला की ती काहीतरी बोलणार होती. भाऊसोनं तिचा दंड धरला आणि दाराकडं मान केली.

सुभेदार जोतीराम आत आले. इस्त्रीचा सदरा, पायात चकचकीत बूट. रांगेतल्या लोकांनी राम राम केला, वाट करून दिली. आतला मुलगा उठला, "या आबा, इकडं या" म्हणाला.

सुभेदार तिकडं गेले नाहीत. ते प्रांजलच्या समोरच्या रिकाम्या खुर्चीवर बसले, सदऱ्याची बाही वर सारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "शुगर बगायची हाय माझी."

प्रांजल त्यांच्याकडं बघत राहिली.

"बग की पोरी," ते म्हणाले. आता आवाज खाली आला होता. "चूक माझी हुती. तुज्यावर खोटा आळ घेतला मी. चार लोकात घेतला, म्हणून चार लोकात आलोय."

प्रांजलने पट्टा बांधला, शीर चाचपली आणि सुई लावली. सुभेदारांचे डोळे पाणावले होते, आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

कापसाचा बोळा कोपराच्या वळणात दाबून धरत ते उठले. म्हातारा रांगेतून पुढं आला, क्षणभर घुटमळला आणि त्या खुर्चीवर बसून बाही वर करू लागला.